सिम्युलिंक मॉडेलमधून कोड काढताना टार्गेट कोणतं निवडावं, सेटिंग काय ठेवावं?

चाकणकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

इथे ईसीयूच्या (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटच्या) सॉफ्टवेअरवर काम करणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून हक्काने विचारतोय. आमची छोटी टीम तीनचाकी इलेक्ट्रिक मालवाहू गाडीसाठी मोटर कंट्रोलर करतेय. पीएमएसएम (कायम चुंबकाची) मोटर, फील्ड ओरिएंटेड कंट्रोल (फ्लक्सचा आणि टॉर्कचा करंट वेगवेगळा सांभाळण्याची पद्धत), सगळं मॉडेल सिम्युलिंकमध्ये, म्हणजे ब्लॉक जोडून सिम्युलेशन करायच्या आणि त्यातून सी कोड काढायच्या टूलमध्ये. करंट लूप २० किलोहर्ट्झला, म्हणजे दर ५० मायक्रोसेकंदांनी. स्पीड लूप १ मिलिसेकंदाला. गाडीच्या मुख्य कंट्रोलरशी कॅनवरून (गाडीतले कंट्रोलर जोडणाऱ्या नेटवर्कवरून) बोलायचंय.

सिम्युलेशन छान चालतंय. कोड जनरेट करून लॅपटॉपवर कंपाइलही झाला. आता तो टीआयच्या (टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या) एफ२८३७९डी बोर्डवर न्यायचाय. पुढे किंमत कमी करायची म्हणून एसटीएम३२जी४ वर जाण्याचा विचारही आहे.

अडलंय ते इथे: सिस्टिम टार्गेट फाइलच्या यादीत जीआरटी, ईआरटी, ऑटोसार असे बरेच पर्याय दिसतात. वेगळ्या पानावर हार्डवेअर बोर्डची यादी आहे, त्याच्या खाली डिव्हाइस व्हेंडर, डिव्हाइस टाइप. ह्यातलं काय आधी ठरवायचं, आणि काय चुकलं तर महागात पडतं? दोन प्रोसेसरसाठी एकच मॉडेल ठेवता येतं का?

---

स्थिरांक | सोमवार, रात्री १०:२५

चांगला विषय काढलात. मी श्टुटगार्टला हेच काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक करा. जनरेट झालेली मुख्य सी फाइल उघडा आणि सगळ्यात वरची कॉमेंट वाचा. तिथे टूलच लिहून ठेवतं की कोणतं टार्गेट होतं आणि कोणतं हार्डवेअर धरलं होतं. त्या ओळी इथे चिकटवा.

तोवर मुद्दा असा. तुम्हाला दिसणाऱ्या त्या सगळ्या याद्यांमध्ये तीन वेगळे निर्णय आहेत. सिस्टिम टार्गेट फाइल कोडचा आकार ठरवते: कोणती फंक्शन्स बनतील, डेटा कुठे राहील, किती गोष्टी तुमच्या ताब्यात राहतील. हार्डवेअर इम्प्लिमेंटेशनचं पान अंकगणित ठरवतं: इंट किती बिटांचा, कॅर किती बिटांचा, बाइटचा क्रम कोणता. टूलचेन आणि बोर्ड हे बिल्ड कसा होईल, फ्लॅश कसा होईल ते ठरवतात. तिसरा निर्णय केव्हाही बदलता येतो. पहिला बदलला तर थोडी डागडुजी करावी लागते. दुसरा मात्र मॉडेलमध्ये डेटा टाइप द्यायला सुरुवात करण्याआधीच ठरायला हवा, कारण कोडमधली प्रत्येक बेरीज आणि गुणाकार त्यावर उभा असतो.

आता जीआरटी की ईआरटी. जीआरटी हे सर्वसाधारण टार्गेट, सिम्युलिंक कोडरबरोबर येतं. ते अल्गोरिदम पीसीवर किंवा प्रयोगशाळेत पटकन चालवून बघायला बनवलंय. मॅट फाइलमध्ये (मॅटलॅबच्या डेटा फाइलमध्ये) लॉगिंग त्यात मुळातच चालू असतं, पॅरामीटर ट्यूनेबल, म्हणजे चालताना बदलता येणारे असतात. ईआरटीला एम्बेडेड कोडरचं लायसन्स लागतं. त्यात लॉगिंग बंद, पॅरामीटर इनलाइन्ड (आकडे थेट कोडमध्ये), आणि इंटरफेसवर बारीक ताबा. गाडीत जाणाऱ्या कोडसाठी मी ईआरटीशिवाय दुसरं काही सुचवणार नाही.

ऑटोसार (गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं एक मानक) सध्या बाजूला ठेवा. ग्राहकाने मागितलं तरच.

---

चाकणकर | सोमवार, रात्री १०:५०

धन्यवाद! हेडरमधल्या ओळी अशा आहेत:

टार्गेट सिलेक्शन: जीआरटी.टीएलसी
एम्बेडेड हार्डवेअर सिलेक्शन: इंटेल->एक्स८६-६४ (विंडोज६४)
कोड जनरेशन ऑब्जेक्टिव्ह्ज: अनस्पेसिफाइड
व्हॅलिडेशन रिझल्ट: नॉट रन

---

स्थिरांक | सोमवार, रात्री ११:०५

म्हणजे हा कोड विंडोजच्या ६४ बिट पीसीसाठी बनलाय. नवीन मॉडेल उघडलं की हेच डिफॉल्ट येतं. हा कोड सी२८एक्सवर (तुमच्या एफ२८३७९डी मधल्या कोअरवर) नेऊ नका. का, ते कोणीतरी टीआयवर रोज काम करणाऱ्याने सांगावं.

---

अर्धवाहक | मंगळवार, सकाळी ७:१५

मी सांगतो, सी२००० वरच (टीआयची हीच प्रोसेसर मालिका) माझा दिवस जातो.

सी२८एक्सवर कॅर १६ बिटांचा असतो. शॉर्ट १६, इंटही १६, लाँग ३२. मेमरीत एका पत्त्यावरचा सगळ्यात लहान तुकडाच १६ बिटांचा आहे, ८ बिटांचा प्रकार तिथे अस्तित्वातच नाही. त्यामुळे साइझऑफ(इंट) विचारलं तर उत्तर १ येतं. पीसीवरून आलेल्याला हे विचित्र वाटतं, पण सीच्या नियमात बसतं.

आता ह्याने काय बिघडतं ते एका उदाहरणात बघा. कॅनवर दर १० मिलिसेकंदाला मेसेज येतो आणि त्यात ८ बिटांचा रोलिंग काउंटर असतो: ०, १, २ … २५५, मग पुन्हा ०. तुमचं मॉडेल तपासतं की आलेली किंमत म्हणजे मागची अधिक एक आहे का. मॉडेलमध्ये टाइप यूइंट८ दिलाय, म्हणजे २५५ अधिक १ बरोबर ०. सिम्युलेशनमध्ये बरोबर. पीसीसाठी काढलेल्या कोडमध्ये नुसतं (यूइंट८_टी)(मागचा + १यू) असं कास्ट येतं, कारण पीसीवर तो प्रकार खरंच ८ बिटांचा आहे आणि वरचा बिट आपोआप गळतो. तीच ओळ सी२८एक्सवर कंपाइल केली की यूइंट८_टी प्रत्यक्षात १६ बिटांचा होतो, काहीच गळत नाही, अपेक्षित किंमत २५६ होते. आलेली असते ०. जुळत नाही, फॉल्ट. दर २.५६ सेकंदांनी एक.

डिव्हाइस व्हेंडर टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स आणि डिव्हाइस टाइप सी२००० निवडलं की कोडर त्याच जागी २५५ चा मास्क लावतो (खालचे ८ बिटच ठेवतो) आणि प्रश्न मिटतो. मॉडेलला हातही लावावा लागत नाही.

टूल ह्यापासून वाचवायचा प्रयत्नही करतं. जनरेट झालेल्या कोडमध्ये यूकॅर_मॅक्स, यूइंट_मॅक्स वगैरे तपासणाऱ्या हॅश-एररच्या ओळी असतात. कंपाइलरचे आकार जुळले नाहीत तर बिल्ड तिथेच थांबतो. एका प्रोजेक्टवर (नाव घेत नाही) बिल्ड होत नाही म्हणून त्या ओळी कोणीतरी कॉमेंट करून टाकल्या होत्या, आणि वरचा फॉल्ट कॅनच्या वायरिंगमध्ये शोधत लोक बसले होते. त्या ओळींना कधीही हात लावू नका. त्या आल्या की हार्डवेअरचं पान उघडायचं, एवढंच.

त्याच पानावर आणखी दोन गोष्टी बघून घ्या: साइन्ड भागाकार शून्याकडे जातो का, आणि साइन्ड उजवं शिफ्ट अरिथमेटिक आहे का. यादीतून डिव्हाइस निवडलं तर ह्या आपोआप भरल्या जातात. 'कस्टम प्रोसेसर' निवडून हाताने भरत असाल तर कंपाइलरच्या मॅन्युअलमधून भरा.

---

रेणुका_डी | मंगळवार, सकाळी ९:३०

वाचतेय. अर्धवाहक, काउंटरचं उदाहरण फार स्पष्ट झालं. आमच्याकडे इन्फिनिऑनचा ट्रायकोर आहे, तिथे कॅर ८ आणि इंट ३२ असल्यामुळे हे कधी समोरच आलं नव्हतं.

---

मोजके_बोल | मंगळवार, दुपारी १:१०

स्थिरांक यांच्याशी एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. छोट्या टीमला एम्बेडेड कोडरचं लायसन्स हा मोठा खर्च असतो. जीआरटीचा कोडही सीच असतो. लॉगिंग बंद करा, हार्डवेअरचं पान नीट भरा, इनिशिअलाइझ आणि स्टेप ही फंक्शन्स स्वतःच्या मेनमधून बोलवा, काम होतं. नमुना दाखवण्यापुरतं तरी जीआरटीवर भागवावं आणि ऑर्डर मिळाल्यावर पैसे घालावेत असं मला वाटतं.

---

स्थिरांक | मंगळवार, दुपारी ४:४५

@मोजके_बोल, नमुन्यापुरतं मान्य. पण चाकणकरांचा कोड गाडीत जाणार आहे, आणि त्यात एक गोष्ट जीआरटीने होत नाही: कस्टम स्टोरेज क्लास (एखादा डेटा कोडमध्ये कसा घोषित व्हावा हे ठरवणारी सेटिंग). जीआरटीमध्ये एक्स्पोर्टेड ग्लोबल, इम्पोर्टेड एक्स्टर्न हे साधे प्रकार चालतात, कस्टम क्लासचा परिणाम होत नाही.

हे का लागतं? करंट कंट्रोलरचा केपी (प्रपोर्शनल गेन) घ्या. पॅरामीटर इनलाइन्ड असले की कोडमध्ये केपी नावाचं काहीच राहत नाही, सरळ ०.३५एफ असा आकडा गुणाकारात बसतो. वेग चांगला, मेमरी कमी. पण गाडी टेस्ट ट्रॅकवर उभी असताना तो आकडा बदलायचा असेल तर पुन्हा बिल्ड, पुन्हा फ्लॅश. ज्या दहा-पंधरा गोष्टी कॅलिब्रेट करायच्या आहेत त्यांनाच कॉन्स्ट व्होलाटाइल स्टोरेज क्लास द्यायचा. मग त्या नावानिशी मेमरीत राहतात, कंपाइलर त्यांना गिळत नाही, एटूएल फाइल (व्हेरिएबलची नावं आणि पत्ते) काढता येते आणि एक्ससीपी ह्या कॅलिब्रेशन प्रोटोकॉलवरून लॅपटॉपने बदलता येतात. बाकी सगळं इनलाइन्ड. हा निवाडा इंजिनिअरने मॉडेल समोर ठेवून करायचा असतो.

---

मोजके_बोल | मंगळवार, संध्याकाळी ६:००

कॅलिब्रेशनचा मुद्दा पटला. तरी पहिल्या काही महिन्यांसाठी माझं मत तेच आहे, विशेषतः ज्यांच्या हाती अजून ग्राहक नाही त्यांच्यासाठी.

---

चाकणकर | मंगळवार, रात्री ९:१५

आमच्याकडे ग्राहक आहे आणि गाड्या चाचणीला जाणार आहेत, त्यामुळे ईआरटीच घेतोय. पुढचा प्रश्न: मॉडेलमध्ये बहुतेक सिग्नल डबल (६४ बिटांचे फ्लोट) आहेत. दोन्ही प्रोसेसरना एफपीयू (फ्लोट आकड्यांचं गणित करणारा हार्डवेअरचा भाग) आहे असं डेटाशीट म्हणतं. मग डबल ठेवलं तर चालेल ना?

---

अर्धवाहक | मंगळवार, रात्री १०:००

नाही. दोन्हींचा एफपीयू सिंगल प्रिसिजनचा (३२ बिट) आहे. एसटीएम३२जी४ मध्ये कॉर्टेक्स-एम४ आहे, तिथे डबलचा प्रत्येक गुणाकार लायब्ररीतलं फंक्शन बोलावून सॉफ्टवेअरने होतो.

एफ२८३७९डी वर तर आणखी एक खोच आहे. टीआयच्या कंपाइलरच्या जुन्या कॉफ फॉरमॅटमध्ये डबल म्हणजे ३२ बिटच असतो. नव्या ईएबीआय फॉरमॅटमध्ये डबल ६४ बिटांचा. म्हणजे तोच कोड कॉफमध्ये वेगात पळतो आणि ईएबीआयवर नेला की करंट लूपचा वेळ पुरत नाही. सी फाइलमध्ये एका अक्षराचाही फरक नसतो.

त्यामुळे सगळं सिंगल करा. इनपुट पोर्टना स्पष्ट सिंगल द्या. कॉन्स्टंट ब्लॉक बघा, तो मुळात डबल असतो आणि एकटा पुढची पूर्ण साखळी डबल करून ठेवतो. गेन ब्लॉकच्या पॅरामीटरचा टाइपही बघा. झाल्यावर जनरेट झालेल्या फोल्डरमध्ये रिअल_टी हा शब्द (जनरेट झालेल्या कोडमधलं डबलचं नाव) शोधा. टाइपच्या हेडर फाइलमधली व्याख्या सोडून तो कुठेही सापडता कामा नये. सगळीकडे रिअल३२_टी हवा, आणि आकड्यांच्या शेवटी एफ हवा.

---

फ्लॅश_मेमरी | मंगळवार, रात्री १०:४०

वेळेचा विषय निघालाच आहे तर त्यावर लिहिते.

एफ२८३७९डी २०० मेगाहर्ट्झचा. ५० मायक्रोसेकंदात १०,००० सायकल मिळतात. एसटीएम३२जी४ १७० मेगाहर्ट्झचा, तिथे ८,५००. ह्यात एडीसीचं वाचन, क्लार्क आणि पार्क रूपांतर, दोन पीआय, उलट पार्क, पीडब्ल्यूएमचे ड्युटी, सगळं बसवून वर जागा उरायला हवी, कारण स्पीड लूप आणि कॅन उरलेल्या वेळातच चालणार. माझा शिरस्ता असा की करंट लूपने निम्म्याहून जास्त वेळ घेतला तर मी अस्वस्थ होते.

सॉल्व्हर फिक्स्ड-स्टेप, डिस्क्रीट ठेवा. मॉडेलमध्ये कंटिन्युअस इंटिग्रेटर राहिला असेल तर ईआरटी तो मुळातच नाकारतं, आणि नाकारलेलं बरं. मोटरचं प्लांट मॉडेल (सिम्युलेशनमधली मोटरची नक्कल) वेगळ्या फाइलमध्ये काढा, कंट्रोलर वेगळा, आणि कोड फक्त कंट्रोलरचा.

मग 'प्रत्येक डिस्क्रीट रेटला स्वतंत्र टास्क' ही चौकटीतली खूण. ती नसेल तर एकच स्टेप फंक्शन बनतं आणि दर विसाव्या फेरीला ५० मायक्रोसेकंदांच्या आतच स्पीड लूपचंही काम उरकावं लागतं. विसावी फेरी लांबते. खूण केली की स्टेप० आणि स्टेप१ अशी दोन फंक्शन्स मिळतात. स्टेप० एडीसीचं रूपांतर संपल्याच्या इंटरप्टमध्ये, स्टेप१ त्याहून कमी प्राधान्याच्या १ मिलिसेकंदाच्या टास्कमध्ये. स्टेप१ मध्येच अडवून स्टेप० पळू शकतं, म्हणून दोन्हींच्या मध्ये रेट ट्रान्झिशन ब्लॉक (दोन रेटमध्ये डेटा सुरक्षित नेणारा) हवा. नाहीतर आयडी (फ्लक्सचा करंट) रेफरन्स नवीन आणि आयक्यू (टॉर्कचा करंट) रेफरन्स जुना अशी जोडी करंट लूपला मिळू शकते.

मोजायचं कसं? स्टेप० च्या आधी एक जीपीआयओ (साधी डिजिटल) पिन वर करा, नंतर खाली. स्कोप लावा. पल्सची रुंदी म्हणजे तुमचा वेळ. मोटर थांबलेली, पूर्ण वेगात, आणि फील्ड वीकनिंगमध्ये (फ्लक्स कमी करून आणखी वेग घेताना), तिन्ही वेळा बघा, कारण मॉडेलमधल्या वेगळ्या फांद्या तेव्हा चालतात.

---

ओम_नियम | बुधवार, सकाळी ११:२०

मी शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजमध्ये एम्बेडेड कोडर नाही. आर्डुइनोवर शिकायला काही मार्ग?

---

रेणुका_डी | बुधवार, दुपारी १२:०५

@ओम_नियम, आर्डुइनोचं सपोर्ट पॅकेज नुसत्या सिम्युलिंकवर चालतं, एम्बेडेड कोडर लागत नाही. उनोवर इंट १६ बिटांचा आणि डबल ३२ बिटांचा असतो, त्यामुळे वर अर्धवाहक यांनी लिहिलेलं बरंचसं तिथेच हाताने अनुभवता येईल. एक यूइंट८ काउंटर बनव, सिरियलवर छाप आणि बघ; उनोवर कॅर ८ बिटांचाच असल्यामुळे तो मात्र २५५ नंतर नीट ० वर येईल.

---

चाकणकर | बुधवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बसून बरंच बदललं. ईआरटी, सी२०००, सिंगल, दोन टास्क. रिअल_टी आता कुठेही नाही.

दोन प्रश्न राहिले. एक, सी२००० आणि एसटीएम३२ दोन्हींसाठी एकच मॉडेल कसं सांभाळायचं? दोन, कोड जनरेशन ॲडव्हायझरमध्ये उद्दिष्टं विचारतात, तिथे सगळ्यात वर 'एक्झिक्युशन एफिशिअन्सी' ठेवू का?

---

स्थिरांक | बुधवार, रात्री १०:३०

पहिल्याचं उत्तर: मॉडेलमध्ये कॉन्फिगरेशन ठेवूच नका. दोन कॉन्फिगरेशन सेट डेटा डिक्शनरीत ठेवा आणि मॉडेलमध्ये फक्त त्याचा रेफरन्स. तुमच्या मुख्य मॉडेलखाली करंट लूप, निरीक्षक (ऑब्झर्व्हर) वगैरे रेफरन्स मॉडेल असतील तर त्या सगळ्यांचं टार्गेट आणि हार्डवेअर जुळावंच लागतं, एक जरी वेगळं राहिलं तरी बिल्ड अडतो. रेफरन्स वापरला की एका ठिकाणी बदल, सगळीकडे लागू. सेट एम फाइल म्हणून निर्यात करून गिटमध्येही टाका. मग कोणी काही बदललं तर फरक ओळीनिशी दिसतो.

एडीसी, पीडब्ल्यूएम, कॅनचे ड्रायव्हर ब्लॉक मात्र कंट्रोलरच्या मॉडेलबाहेर. कंट्रोलरने फक्त करंट, कोन, व्होल्टेज घ्यावं आणि ड्युटी द्यावी. तसं असेल तर प्रोसेसर बदलताना अल्गोरिदमला हात लागत नाही.

दुसऱ्याचं उत्तर: नाही. मोटर कंट्रोलर आहे, सेफ्टी वर ठेवा. एक्झिक्युशन एफिशिअन्सी वर ठेवली की ॲडव्हायझर भागाकारातल्या शून्यापासूनचं संरक्षण काढायला सांगतो. सेफ्टी वर असेल तर तेच संरक्षण ठेवायला सांगतो. ते संरक्षण इंटिजर आणि फिक्स्ड-पॉइंट भागाकारापुरतंच असतं; डीसी बस व्होल्टेजने भागणारी ओळ तुमच्या मॉडेलमध्ये असणारच, ती सिंगलमध्ये असल्याने तिथलं शून्य मॉडेलमध्येच सांभाळावं लागेल. प्री-चार्ज होण्याआधी ते व्होल्टेज जवळपास शून्य असतं हे तुम्हाला माहीत आहे.

---

अर्धवाहक | गुरुवार, सकाळी ७:००

शेवटची भर. एसआयएल (सॉफ्टवेअर-इन-द-लूप) करा, पण त्यावर थांबू नका. एसआयएलमध्ये जनरेट झालेला कोड तुमच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर, लॅपटॉपच्या कंपाइलरने चालतो. मॉडेल आणि कोड ह्यांतला फरक तो दाखवतो, टीआयच्या कंपाइलरचं वागणं दाखवू शकत नाही. पीआयएलमध्ये (प्रोसेसर-इन-द-लूप) तोच कोड बोर्डवर चालतो, सिरियल केबलवरून इनपुट जातात, उत्तरं परत येतात. सिम्युलेशनचेच टेस्ट दोन्हींना लावा. रोलिंग काउंटरची टेस्ट २५५ च्या पुढे जाईल एवढी लांब ठेवा.

---

चाकणकर | शनिवार, संध्याकाळी ५:३०

पीआयएल चालू झालं. काउंटरची टेस्ट पास, कोडमध्ये मास्क स्वतः बघितला. स्कोपवर करंट लूप निम्म्याच्या आत बसतोय, फील्ड वीकनिंगमध्येसुद्धा. आमच्या नव्या मुलाने जीपीआयओची कल्पना तिन्ही टास्कना लावलीय, कॅनलाही.

एक छोटी शंका: ईआरटी_मेन.सी दर वेळी नव्याने बनते आणि आमच्या मेनशी भांडते.

---

फ्लॅश_मेमरी | शनिवार, संध्याकाळी ६:१०

'जनरेट ॲन एक्झाम्पल मेन प्रोग्रॅम' ची खूण काढून टाका. त्याआधी ती फाइल एकदा नीट वाचा, टास्क कोणत्या क्रमाने बोलवायचे आणि ओव्हररन (टास्क वेळेत न संपणं) कसा पकडायचा हे त्यातल्या आरटी_वनस्टेपमध्ये दाखवलंय. तेवढा भाग तुमच्या मेनमध्ये घ्या. आणि 'टर्मिनेट फंक्शन रिक्वायर्ड' हीसुद्धा खूण काढा, कंट्रोलर कधी संपत नाही, त्यामुळे त्या फंक्शनला कोणी बोलवणार नाही.